घरचा संगणक : आधी निदान, मग खरेदी

कारखान्याकडून उसाचे बिल बँकेत जमा झाले, की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील घरांत रखडलेल्या खर्चांची यादी बाहेर निघते. विहिरीवरची मोटर, दुचाकीचे टायर, मुलीच्या वसतिगृहाचे पैसे यांच्या जोडीला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या यादीत आणखी एक नोंद आली आहे, ती संगणकाची. संगणक घरात नसतो असे नाही. आहे तोच बंद पडलेला असतो किंवा सुरू व्हायलाच दहा मिनिटे घेत असतो आणि 'हा आता जुना झाला, नवाच घ्या' असा सल्ला कुणीतरी दिलेला असतो. तीस-चाळीस हजारांचा हा खर्च अनेकदा चार-पाच हजारांत, क्वचित पाच-पन्नास रुपयांतही टळू शकतो. मात्र त्यासाठी नेमके काय बिघडले आहे, हे पैसे मोजण्यापूर्वी कळायला हवे.

या परिसरात संगणकाचे बस्तान तसे लवकर बसले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानच्या शिक्षणसंकुलामुळे बारामतीत संगणक शिकणाऱ्यांची संख्या वाढत गेली. राज्य पातळीवर २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने २००२ पासून तालुक्यांच्या गावांत संगणकाची ओळख करून दिली. पुढे अभियांत्रिकीचे विद्यार्थी, कृषी सेवा केंद्रे, दूध संकलन केंद्रे, झेरॉक्सची दुकाने यांच्याकडे 'असेंबल्ड' संगणक, म्हणजे सुटे भाग जोडून दुकानदाराने तयार करून दिलेले संगणक आले. २०२० च्या टाळेबंदीत शाळा घरात आल्या, तेव्हा माळ्यावर टाकलेले जुने खोकेही खाली उतरले. आज दुरुस्तीला येणारे बरेचसे संगणक याच पिढीतले, आठ ते बारा वर्षांचे असतात. त्यांचे प्रोसेसर सहसा धडधाकट असतात. बिघडते ते त्याच्याभोवतीचे, आणि त्याचे मूळ बहुधा विजेत, धुळीत किंवा फिरत्या हार्ड डिस्कमध्ये असते.

वीज : पहिला संशयित

२००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी अस्तित्वात आली. त्यानंतरच्या काही वर्षांतील लांबलचक भारनियमन ग्रामीण भागातील लोक विसरलेले नाहीत. ते दिवस गेले, पण संगणकाच्या दृष्टीने अडचण वीज जाण्याची नसून ती येण्याची आहे. वीज परत येते तेव्हा शिवारातील 'ऑटो' लावलेले कृषिपंप एकाच वेळी सुरू होतात आणि दाब एकदम खाली बसतो. पंप बंद झाले की तो वर उसळतो. गावठाणाचा आणि शेतीचा फीडर वेगळा असलेल्या गावांत हा त्रास कमी असतो. पण घर मळ्यात, वस्तीवर असेल आणि रोहित्रापासून लांब, तारेच्या शेवटच्या टोकाला असेल, तर संध्याकाळी दिवे मंदावणे आणि रात्री उशिरा ते झगझगीत होणे हे रोजचेच असते.

संगणकात बाहेरची वीज प्रथम घेतो तो एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटच्या मागील बाजूस पंखा असलेला चौकोनी डबा. २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करण्याचे काम त्याचे. खर्च वाचवण्यासाठी सर्वांत आधी कात्री लागते तीही यालाच. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या डब्यावर '४५० वॉट' असे छापलेले असले, तरी ते कागदावरचे असू शकते. डबा हातात घेऊन त्याचे वजन पाहावे आणि लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचावे. १२ ला त्या आकड्याने गुणले, की त्या मुख्य वाहिनीवर किती वॉट मिळतात ते समजते. ४५० वॉटचा दावा करणाऱ्या डब्यावर १२ व्होल्टला १५ अँपिअरच असतील, तर तेथे १८० वॉटच मिळणार. २००४ पासून सुरू झालेले 'एटी प्लस' हे कार्यक्षमतेचे मानचिन्ह असलेला एसएमपीएस घेतल्यास विजेचा अपव्यय कमी होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो दाबाचे चढउतार अधिक सोसतो. एकूण खर्चात कोठे काटकसर करू नये, असे विचारले तर उत्तर हेच आहे.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, ही तक्रार फार जुनी आहे आणि ती हसण्यावारी नेली जाते. एसएमपीएसच्या आत विजेतील गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते अत्यल्प प्रवाह अर्थिंगच्या तारेकडे वळवतात. ती तार भिंतीतच तुटलेली असेल, किंवा तीन पिनांच्या प्लगची मधली पिन मोडून तो दोन पिनांच्या बोर्डात खुपसलेला असेल, तर तो प्रवाह पत्र्यावर साठतो. पत्र्यावर मुख्य दाबाच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसू शकतात. प्रवाह किरकोळ असल्याने माणूस वाचतो. पण अशा अवस्थेत पेन ड्राइव्ह किंवा मॉनिटरची वायर काढ-घाल केली, तर यूएसबीची किंवा एचडीएमआयची जागा जळू शकते. 'मदरबोर्ड गेला' या निदानामागे कधी कधी हीच मोडलेली पिन असते.

या दोन्ही तालुक्यांत काळ्या जमिनीचा वेगळा मुद्दा आहे. पावसाळ्यात ती ओल धरते, तेव्हा अर्थिंग उत्तम असते. एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात, खड्ड्यातील पट्टी किंवा सळई मातीपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरते उरते. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतणे हा संगणकाच्या देखभालीतील सर्वांत स्वस्त उपाय आहे. परवानाधारक वायरमनकडून एकदा मोजून घ्यावे : फेज आणि अर्थ यांत साधारण २३० व्होल्ट, न्यूट्रल आणि अर्थ यांत दोन-तीन व्होल्टपेक्षा अधिक नको. फेज आणि अर्थ यांत आकडा फारच कमी आला, तर नवा भाग आणण्याआधी वायरिंग पाहावे.

यूपीएसविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. बाजारातील नेहमीच्या ६०० व्हीए यूपीएसची प्रत्यक्ष क्षमता साधारण ३६० वॉट असते. त्यात १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते. मॉनिटरसह दीडशे वॉट घेणारा संगणक त्यावर दहा-पंधरा मिनिटे चालतो. तो हातातले काम जतन करून संगणक बंद करण्यासाठी आहे, चित्रपट पूर्ण करण्यासाठी नव्हे. बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. तेव्हा केवळ बॅटरी बदलावी, यूपीएस टाकून देऊ नये. लेसर प्रिंटर यूपीएसवर लावू नये. तो तापताना एकदम मोठा भार ओढतो. घरात इन्व्हर्टर असेल, तर त्याचा 'यूपीएस मोड' चालू आहे का ते पाहावे, अन्यथा वीज गेल्यावर बदलास लागणाऱ्या क्षणात संगणक बंद होतो. मनोऱ्यासारख्या एक्स्टेन्शन बोर्डवर 'स्पाइक गार्ड' लिहिलेले असते. तो क्षणिक उसळी अडवतो. रोहित्राकडील न्यूट्रल तुटून घरात साडेतीनशे-चारशे व्होल्ट आले, तर त्याचा काही उपयोग नाही. त्यासाठी मेन स्विचजवळ दाब वाढताच वीज तोडणारे उपकरण बसवावे लागते. ते टीव्ही आणि फ्रिजलाही वाचवते, म्हणून त्याचा खर्च संगणकाच्या खात्यात धरू नये.

बिघाड ओळखताना

दुकानात नेण्यापूर्वी घरी अर्धा तास दिला, तर बिघाडाची दिशा बहुतेक वेळा समजते. झाकण उघडण्याआधी प्लग काढावा, मागचे बटण बंद करावे, सुरू करण्याचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे आणि हात एखाद्या मोकळ्या लोखंडी वस्तूला लावून अंगातील स्थिरविद्युत घालवावी. एसएमपीएसचा डबा मात्र उघडूच नये. त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टहून अधिक दाब प्लग काढल्यानंतरही काही काळ राहतो.

संगणक पूर्ण निर्जीव असेल, तर प्रथम वायर दुसरी लावून पाहावी. मॉनिटरची आणि कॅबिनेटची वायर एकसारखीच असते, त्यांची अदलाबदल केली की उत्तर मिळते. पुढची पायरी जाणकारांसाठी आहे : एसएमपीएसची चोवीस पिनांची जोडणी मदरबोर्डपासून काढून तिची हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेशी तारेच्या तुकड्याने जोडली, की एसएमपीएसचा पंखा फिरायला हवा. फिरला नाही तर डबा गेला. फिरला म्हणजे तो निर्दोष आहे असे मात्र सिद्ध होत नाही. भार पडल्यावर १२ व्होल्टचे ११ व्होल्ट होणारे डबेही पंखा आनंदाने फिरवतात. म्हणून ओळखीच्या एखाद्या चालू संगणकाचा एसएमपीएस पाच मिनिटे लावून पाहणे ही सर्वांत खात्रीची परीक्षा.

पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो, ही दुसरी नेहमीची तक्रार. यात पहिला संशय रॅमवर घ्यावा. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी पट्ट्या स्वच्छ खोडरबरने हलकेच पुसाव्यात, कोरड्या कापडाने कण झटकावेत आणि खाचेत 'टक्' असा आवाज येईपर्यंत बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावे. खोडरबराचा हा उपाय ऐकायला गावठी वाटतो, पण बोर्डच्या खाचेत साचलेली धूळ आणि दमट हवेने धरलेला थर यांवर तो खरोखर लागू पडतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर मॉनिटरची वायर मदरबोर्डला नव्हे तर त्या कार्डलाच जोडलेली आहे ना, हे तपासावे. घर झाडल्यानंतर वायरी पुन्हा जोडताना ही चूक हमखास होते. संगणक सुरू होताना शिट्टीसारखे आवाज येत असतील तर ते मोजून लिहून ठेवावेत. त्यांचा अर्थ मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तो कंपनीगणिक बदलतो.

घड्याळ दर वेळी जुन्या तारखेवर जाते आणि इंटरनेटवरील जवळपास प्रत्येक संकेतस्थळ 'असुरक्षित' असल्याचा इशारा येतो, तेव्हा अनेक जण व्हायरस समजून विंडोज नव्याने टाकून घेतात. प्रत्यक्षात मदरबोर्डवरील रुपयाएवढी बॅटरी संपलेली असते. सीआर २०३२ हे तिचे नाव, ३ व्होल्ट हा तिचा दाब, आणि घड्याळाच्या दुकानातही ती मिळते. तारीख चुकली की संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे मुदतबाह्य भासतात, इतकेच त्यामागचे कारण.

काम करता करता संगणक आपोआप बंद होत असेल आणि हे उन्हाळ्यात अधिक घडत असेल, तर धूळ आणि उष्णता पाहावी. मे महिन्यात येथे पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत तो त्याहून अधिक. त्यात बगॅस, माती, गव्हाणीतला भुसा यांची भर पडते आणि प्रोसेसरवरील पंख्याखाली चक्क नमद्यासारखा थर बसतो. तो काढण्यासाठी संगणक अंगणात न्यावा, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत आणि ब्लोअर किंवा मऊ रंगाचा ब्रश वापरावा. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरची हवा मारून घेण्याची पद्धत मात्र टाळावी. त्या हवेबरोबर पाण्याचे थेंब आणि तेल येते. पाच-सहा वर्षांत प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी होते. ती पुसून वाटाण्याएवढी नवी लावली, की तापमान लक्षणीय उतरते. कॅबिनेटच्या मागील रिकाम्या खाचांच्या पट्ट्या काढलेल्या असतील, तर त्या पुन्हा लावाव्यात. मळ्यातील घरांत त्या वाटेने पाली आणि मुंग्या आत शिरतात, आणि एसएमपीएसमध्ये अडकलेल्या पालीने घडवलेले शॉर्ट सर्किट येथील दुरुस्ती करणाऱ्यांना नवे नाही.

निळा पडदा येऊन संगणक पुन्हा सुरू होणे याला अनेक कारणे आहेत. त्यांतील रॅमची शक्यता 'मेमटेस्ट ८६' हा मोफत प्रोग्राम रात्रभर चालवून निकालात काढता येते. त्यात एकही चूक दिसली तरी पट्टी सदोष समजावी.

आणि संगणक हळू चालतो म्हणजे नेमके काय? टास्क मॅनेजर उघडून पाहावे. काहीही न करता 'डिस्क' शंभर टक्क्यांवर अडकलेली असेल, तर दोष हार्ड डिस्कचा आहे. 'मेमरी' नव्वदच्या पुढे असेल, तर रॅम अपुरी आहे. दोन्ही ठीक असून प्रोसेसरच शंभरावर असेल, तरच तो जुना झाला असे म्हणता येईल. हार्ड डिस्कची प्रकृती 'क्रिस्टल डिस्क इन्फो' या मोफत प्रोग्राममध्ये दिसते. तेथे पिवळा इशारा असेल, निकामी किंवा प्रलंबित सेक्टरांची संख्या वाढत असेल, तर बाकी सर्व बाजूला ठेवून आधी सातबारा, बँकेचे कागद आणि छायाचित्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागल्यास ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये.

काय वाढवावे

जुन्या संगणकात घातलेल्या प्रत्येक रुपयाचा सर्वाधिक मोबदला देणारा भाग एसएसडी. फिरत्या हार्ड डिस्कमध्ये माहिती शोधण्यासाठी सुई तबकडीवर हलावी लागते. एसएसडीत हलणारे काहीच नसते. साध्या साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला पाचशे मेगाबाइटच्या आसपास वाचते. पण खरा फरक पडतो तो लहान लहान फायली वाचताना, आणि विंडोज सुरू होणे म्हणजे अशा हजारो फायली वाचणेच असते. दहा वर्षांपूर्वीचा संगणक या एका बदलाने मिनिटाच्या आत सुरू होतो. जुन्या मदरबोर्डसाठी अडीच इंची साटा एसएसडीच घ्यावी. पातळ पट्टीसारखी एनव्हीएमई एसएसडी कित्येक पट वेगवान असली, तरी तिच्यासाठी खाच हवी आणि तिच्यावरून सुरू होण्याची सोय बायोसमध्ये हवी. जुनी हार्ड डिस्क निरोगी असेल तर तीही आत राहू द्यावी, छायाचित्रे व चित्रपट तिच्यावर ठेवता येतात. इंटरनेटवर एक-दोन टेराबाइटची एसएसडी हजार रुपयांत दिसली, तर ती खोटी समजावी. अशा डबीत मेमरी कार्ड चिकटवलेले असते आणि ती क्षमता खोटी दाखवते.

रॅम घेताना पिढी चुकवून चालत नाही. डीडीआर-३ (२००७ पासून), डीडीआर-४ (२०१४ पासून) आणि डीडीआर-५ (२०२० मध्ये मानक ठरलेली) या पट्ट्यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. जुनी पट्टी सोबत नेणे सर्वांत बरे. चार जीबीवर आजचे ब्राउझर गुदमरतात. आठ जीबी पुरेशी आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास सोळा लागू शकते. मदरबोर्ड दोन पट्ट्या एकत्र वापरत असेल, तर आठची एक घेण्यापेक्षा चार-चारच्या दोन घेतल्याने, विशेषतः वेगळे ग्राफिक्स कार्ड नसताना, थोडा अधिक वेग मिळतो.

रॅमच्या भावाचा येथे स्वतंत्र उल्लेख करायला हवा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या माहिती केंद्रांनी मेमरीची मागणी अफाट वाढवल्याने २०२५ च्या उत्तरार्धात जगभर रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले, एसएसडीही महागल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने घरगुती ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशियल' हा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. ज्या बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ऊस पिकवण्याचा प्रयोग झाला, तेथील विद्यार्थ्याला रॅमची पट्टी महाग पडावी, असा हा योगायोग. अशा काळात महिन्यापूर्वीच्या कोटेशनवर विसंबू नये आणि वापरलेली पट्टी कमी लेखू नये. रॅम हा फारसा न झिजणारा भाग आहे. 'मेमटेस्ट' उत्तीर्ण झालेली जुनी पट्टी निर्धास्त घ्यावी. जुनी हार्ड डिस्क आणि जुना एसएमपीएस यांच्याबाबत असे म्हणता येणार नाही.

प्रोसेसर बदलण्याचा मोह बहुधा फसवा ठरतो. इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढ्यांच्या सॉकेटचे नाव ११५१ असे एकच आहे, तरी एकीचा प्रोसेसर दुसरीच्या मदरबोर्डवर चालत नाही. एएमडीच्या एएम-४ सॉकेटचे मदरबोर्ड त्या मानाने उदार निघाले. २०१७ च्या काही बोर्डांवर बायोस अद्ययावत केल्यास रायझेन ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर बसतात.

विंडोज १० गेल्यानंतर

जुना संगणक केव्हा सोडावा, हा प्रश्न १४ ऑक्टोबर २०२५ नंतर टोकदार झाला, कारण त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. घरगुती वापरकर्त्यांसाठी नोंदणी करून सुरक्षा सुधारणा मिळवण्याची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ही ठरवण्यात आली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझेन २००० मालिकेचा, म्हणजे ढोबळमानाने २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. अनेक संगणकांत टीपीएम असूनही ते बायोसमध्ये बंद ठेवलेले असते. 'हा संगणक पात्र नाही' हा संदेश पाहून नवा मदरबोर्ड घेण्याआधी ते चालू करून पाहावे.

त्याहून जुना संगणक असेल, तर अडवून बसवलेले विंडोज ११ किंवा सुरक्षा सुधारणा बंद झालेले विंडोज १० यांवर बँकेचे व्यवहार करू नयेत. अभ्यास, पत्रलेखन, चित्रफिती, इंटरनेट एवढ्यासाठी लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली उत्तम चालते आणि तिच्यात युनिकोड मराठीही विनासायास लिहिता येते. टॅली किंवा शासकीय स्वाक्षरी टोकन वापरणाऱ्या दुकानदाराला मात्र विंडोजवाचून गत्यंतर नाही. त्याने जुन्या यंत्रात पैसे घालू नयेत.

'आय-५' नावाची भूल

स्वस्त संगणकाच्या जाहिरातीत 'आय-५, ८ जीबी, २५६ एसएसडी' एवढेच लिहिलेले असते. आय-५ हे नाव २००९ पासून वापरात आहे. जाहिरातीतला आय-५ पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा, २०११-१२ सालचा असतो आणि एच ६१ या त्याच काळातील चिपसेटचा मदरबोर्ड नव्या कोऱ्या खोक्यात घालून त्याच्यासोबत दिलेला असतो. खोके नवे, तंत्र जुने. म्हणून आकडा पूर्ण विचारावा : आय-५ ३४७० मधील पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी, ८४०० म्हणजे आठवी, १२४०० म्हणजे बारावी. आठव्या पिढीचा साधा आय-३ ८१००, तिसऱ्या पिढीच्या आय-५ इतकेच चार कोअर बाळगतो आणि त्याहून वेगवान आहे. शिवाय त्याच्यावर विंडोज ११ रीतसर चालते.

कमी पैशांत पुरा संगणक हवा असेल, तर मोठ्या कंपन्यांनी भाडेकराराची मुदत संपल्यावर विकलेले डेल, एचपी, लिनोव्हो यांचे कार्यालयीन संगणक हा सुज्ञ पर्याय आहे. त्यांचे एसएमपीएस आणि मदरबोर्ड चांगल्या प्रतीचे असतात. दोष एवढाच, की लहान आकाराच्या कॅबिनेटमध्ये त्यांचे एसएमपीएस व मदरबोर्ड वेगळ्या मापाचे असतात, पुढे बिघडल्यास बारामतीत सुटा भाग मिळेलच असे नाही. आठव्या पिढीच्या खाली उतरू नये. दुकानातच अर्धा तास चालवून पाहावा, 'क्रिस्टल डिस्क इन्फो'मध्ये डिस्क किती तास चालली आहे ते वाचावे, सर्व यूएसबी जागांत पेन ड्राइव्ह लावून पाहावा आणि पांढरा पडदा करून मॉनिटरवरील डाग शोधावेत.

कोठून घ्यावे? मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता किंवा पुण्यातील बुधवार पेठेची तपकीर गल्ली यांची ख्याती मोठी आहे आणि केबल, जोडण्या, किरकोळ भाग यांसाठी ती सार्थही आहे. पण बारामतीहून पुणे सुमारे १०० आणि इंदापूरहून सुमारे १४० किलोमीटर. दोनशे रुपयांच्या फरकासाठी एसटीचे भाडे आणि दिवस घालवण्यात अर्थ नाही, आणि भाग सदोष निघाला तर तोच फेरा पुन्हा. मदरबोर्ड, एसएमपीएस, यूपीएस यांसारखे बिघडू शकणारे भाग जवळच्या दुकानातून घ्यावेत, भाव थोडा अधिक असला तरी. रॅम, एसएसडी, प्रोसेसर हे भाग अधिकृत विक्रेत्याकडून ऑनलाइन घेण्यास हरकत नाही. पार्सल उघडताना चित्रण करून ठेवावे.

बिल आणि त्यानंतर

'बिलाशिवाय घेतले तर इतके कमी' हा प्रस्ताव संगणकाच्या बाजारात सर्रास ऐकू येतो. संगणकाच्या भागांवर १८ टक्के जीएसटी असल्याने तो मोहक वाटतो. पण बिल नसेल तर तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी दुकानदाराच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहते. बिलावर प्रत्येक भागाचे नाव, मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्यावा; नुसते 'कॉम्प्युटर सेट १ नग' असे लिहिलेले बिल कंपनीच्या सेवा केंद्रात उपयोगाचे नाही. कंपन्यांची अशी केंद्रे बहुधा पुण्यातच असतात. भाग पाठवण्याचा खर्च कोण करणार आणि परत येईपर्यंत पर्यायी भाग मिळेल का, हे खरेदीच्या वेळीच विचारावे. एसएसडी किंवा हार्ड डिस्कच्या वॉरंटीत नवा भाग मिळतो, आतली माहिती नव्हे.

तक्रार ऐकून घेतली जात नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक स्वतः जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करू शकतो. भाग दिल्लीच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतला असला, तरी इंदापूरच्या ग्राहकाला दिल्लीला जावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

निकामी झालेले मदरबोर्ड, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि जुने काचेचे मॉनिटर भंगारवाल्याला किलोवर देऊ नयेत. त्यांत शिसे असते, आणि ई-कचऱ्याचे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले नियम तो नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडेच जावा असे सांगतात. बॅटरी बदलताना जुनी दुकानदार परत घेतो आणि तिची किंमतही वजा करतो; ती मागून घ्यावी. हार्ड डिस्क देण्याआधी तिच्यावरील माहिती केवळ 'डिलीट' करू नये, तिच्यावर एकदा पूर्ण शून्ये लिहून घ्यावीत. विंडोजमध्ये 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून फॉरमॅट केले की हे काम होते. मोठ्या डिस्कला त्यासाठी काही तास लागतात, म्हणून ते वीज स्थिर असलेल्या वेळी लावावे.